जरा वेळानं या

भाऊंच्या ऑफिसचं दार पहिल्या बेलला उघडत नसे. बेल चांगली चालू होती. आत माणसं असत, काचेतून ट्यूबलाइट दिसे, कधी भाऊ शिंकलेलेही बाहेर ऐकू येत. तरी दार उघडत नसे. बाहेरचा माणूस कंटाळून जिना उतरून गेला आणि काही वेळानं परत आला, की मग भाऊ स्वतः उठत आणि त्याचीच वाट बघत असल्यासारखे ‘या, या’ म्हणत दार उघडत.

मी नोकरी विचारायला गेले तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. बोईसरला स्टेशनच्या पश्चिमेला एका मेडिकल दुकानाच्या वर त्यांचं ऑफिस होतं. त्या दिवशीच्या माझ्या यादीत विजेचं बिल, गॅसची तक्रार, सासूबाईंच्या गोळ्या आणि ही नोकरी अशी कामं होती. बेल वाजवली, कोणी आलं नाही. परत वाजवावी असंही वाटलं नाही. मी खाली उतरले, चालत जाऊन बिल भरलं, गोळ्या घेतल्या आणि स्कूटरपाशी आल्यावर लक्षात आलं की हेल्मेट वरच्या दाराशीच राहिलंय. ते घ्यायला वर गेले, वाकून उचललं, तेवढ्यात दार उघडलं.

“या ताई,” भाऊ म्हणाले. “दुसऱ्यांदा आलात ना? बसा.”

शिक्षण काय, आधी कुठे होतात, काही विचारलं नाही. चहा मागवला आणि उद्यापासून यायला सांगितलं. मी सगळा वेळ हेल्मेट मांडीवर धरून बसले होते. मी नोकरीसाठी परत आले नव्हते हे सांगायची तेव्हा संधी मिळाली नाही आणि नंतर ते सांगण्यासारखं राहिलं नाही.

भाऊंचा धंदा होता औद्योगिक वसाहतीतल्या छोट्या-मोठ्या कारखान्यांचे मेल सांभाळायचा. आता बहुतेकांनी ते काम मोठ्या कंपन्यांना देऊन टाकलंय. पण आमच्याकडचे बरेच मालक हट्टानं आपला मेलचा सर्व्हर कारखान्यातच ठेवत, अकाउंट्सवाल्यांच्या कपाटाशेजारी. आपलं आपल्याकडे असलेलं बरं, असं त्यांचं म्हणणं. पण वीज जाते, केबल तुटते, कोणीतरी पंखा लावायला प्लग काढतो. अशा वेळी त्या कारखान्याच्या नावानं आलेला मेल परत जाऊ नये म्हणून तो आमच्या सर्व्हरवर उतरे, आणि त्यांचा सर्व्हर चालू झाला की आम्ही तो पुढे पाठवत असू. याला बॅकअप म्हणतात. गावाला जाताना आपण शेजारणीला सांगून जातो, कुरिअर आलं तर घेऊन ठेव, तसंच.

बोईसरला कारखान्यांची सुट्टी शुक्रवारी. वॉचमन मेन स्विच खाली पाडणार, थोड्या वेळात बॅटऱ्या मान टाकणार आणि अर्ध्या वसाहतीचं टपाल आमच्या दारात येऊन पडणार. सगळं गाव आरामात असायचं तेव्हा आमची धावपळ चाललेली.

त्यात हा कचरा. फालतू मेल पाठवणाऱ्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते, की मालकाच्या दाराला राखण असते, शेजारणीच्या नसते. त्यामुळे मालकाचा सर्व्हर चालू असला तरी ते मुद्दाम बॅकअपकडे येतात. लॉटऱ्या, ताकदीची औषधं, वारलेल्या परदेशी साहेबांच्या इस्टेटी, सगळं आमच्याकडे. ते तसंच पुढे ढकललं तर ग्राहक ओरडणार आणि टाकून दिलं तर त्यात एखाद्याची खरी ऑर्डर जाणार. या दोन्हींच्या मधे भाऊ बसले होते.

त्यांचा पहिला उपाय साधा होता आणि तो त्यांनी शोधलेलाही नव्हता, जगभर वापरतात. अनोळखी ठिकाणाहून मेल आला की आमचा सर्व्हर त्याला म्हणायचा, आत्ता नाही, जरा वेळानं या. खरा मेल पाठवणारा सर्व्हर हे ऐकतो आणि थोड्या वेळानं परत येतो. कचरा टाकणाऱ्याला लाखो ठिकाणी जायचं असतं, तो परत फिरकत नाही. एवढीच युक्ती. पण भाऊंना ती इतकी पटली की ती त्यांच्या अंगात शिरली. दार, फोन, माणसं, सगळ्यांना तोच नियम. पहिला फोन ते उचलत नसत. ग्राहकांना सवय झाली होती, एकदा वाजवून ठेवायचं आणि चहा पिऊन परत करायचा. वहिनींचा फोनसुद्धा घरून तसाच यायचा. मी एकदा वहिनींना म्हटलं, तुम्हालाही? तर त्या म्हणाल्या, “लग्नाला होकारपण दुसऱ्यांदा विचारल्यावर दिलाय यांनी.”

या नियमाचा एक परिणाम असा, की आमच्या ऑफिसात पाणी शुद्ध करायची यंत्रं दोन होती. शिवाय कोणाला नको असलेला मुलांच्या ज्ञानकोशाचा संच, पायाला मसाज करायचं मशीन आणि भाऊंच्या नावानं मला मोजता आल्या नाहीत इतक्या विमा पॉलिसी. कारण विकायला येणारे लोक हमखास परत येतात. त्यांचं कामच ते. आणि परत आला म्हणजे खरा, म्हणून भाऊ त्याला बसवणार, चहा देणार, शेवटी सही करणार.

“भाऊ,” मी एकदा स्पष्ट विचारलं, “परत येणाऱ्यांत चिकट माणसंच जास्त असतात. भल्या माणसाला एकदा नको म्हटलं तर तो येईल का परत?”

भाऊंनी विचार केला. “ताई, चिकट माणूस येतो तो त्याच्या कामासाठी. खरा येतो तो तुमच्या कामासाठी.”

मला वाटलं, समजलं. घरी उमरोळीला जाऊन भाजी चिरताना परत आठवलं तर काहीच समजलं नव्हतं. भाऊंच्या बाबतीत माझं नेहमी असंच व्हायचं. मी नीटनेटक्या डोक्याची बाई आहे. एखाद्या गोष्टीचे चार मुद्दे पाडले की मला झोप लागते. भाऊंचे मुद्दे पाडायला बसले की दुसरा मुद्दा पहिल्याला खोडून काढायचा.

भाऊ मूळचे समुद्राकाठच्या मच्छीमार गावचे. वडिलांची होडी होती. हे शिकून बाहेर पडले, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, मुंबईत नोकरी केली आणि परत येऊन हे ऑफिस थाटलं. बोलणं ऑफिसात पुस्तकी असायचं, पण मुद्द्यावर आले की घरची भाषा बाहेर पडायची. जो मेल परत यायचा पण तरी संशयास्पद दिसायचा, त्याला फिल्टर गुण द्यायचा. गुण फार झाले की तो मेल वेगळ्या खोक्यात अडकायचा. इतर ठिकाणी असे मेल काही काळानं आपोआप पुसले जातात. भाऊ पुसू देत नसत. मी कारण विचारलं तेव्हा त्यांनी मला सुकत घातलेल्या बोंबलांची गोष्ट सांगितली.

“शेजारीण बाजारात गेली, तिचे बोंबील वाळत टाकलेत बांबूवर. तुमी काय करणार? कावळे हाकलणार. बरोबर? आता तुमाला दिसलं, त्यातले दोन सडलेत. तुमी ते काढून फेकणार?”

“फेकले तर चांगलंच ना?”

“नाय. हात नाय लावायचा. कावळा हाकलायचा, मासळी निवडायची नाय. ती येईल, ती निवडेल. तिचे हायत.”

म्हणून शनिवारी सकाळी कारखाने उघडले की भाऊ एकेका ग्राहकाला फोन करत आणि त्याच्या अडकलेल्या मेलची यादी वाचून दाखवत. फक्त पाठवणाऱ्याचं नाव आणि विषयाची ओळ. आतला मजकूर ते कधी उघडत नसत आणि आम्हालाही उघडू देत नसत. त्याबाबतीत ते इतके कडक होते की कोणी चुकून मेलवर माउस नेला तरी ओरडत. पण विषय मात्र बातम्या वाचल्यासारखे स्वच्छ वाचायचे.

“नमस्कार. तुमाला लॉटरी लागलीय इंग्लंडात. सोडू?”

“भाऊ, टाका ना ते.”

“मी नाय टाकणार. तुमचं हाय. नाव घेऊन सांगा कुठलं टाकायचं ते.”

“अहो लॉटरीचं टाका.”

“टाकलं. दुसरं. पुरुषांसाठी खास, महिनाभरात...”

“भाऊ, फोन स्पीकरवर आहे.”

“मग स्पीकर बंद करा आणि नाव घेऊन सांगा.”

सभ्य, टाय लावणारे साहेब त्या फोनवर एकेका औषधाचं नाव घेऊन ते टाकायला सांगत. पलीकडून क्लार्कचं हसू ऐकू यायचं. एकही ग्राहक या छळापायी सोडून गेला नाही, हेही मला कधी समजलं नाही. उलट एक-दोघं म्हणायचे, शनिवारी भाऊंचा फोन आला नाही तर आठवडा सुरू झाल्यासारखा वाटत नाही.

सगळ्या ग्राहकांची एक मागणी मात्र भाऊंनी कधी मान्य केली नाही. लोक म्हणायचे, आमच्या नेहमीच्या पार्ट्या आहेत, त्यांना थांबवू नका, त्यांची नावं न अडवायच्या यादीत टाका. कुठल्याही फिल्टरमध्ये अशी यादी असते. आमच्यातही होती, रिकामी. “ओळखीच्याला सोडलं,” भाऊ म्हणत, “की मग फिल्टर कशाला ठेवायचा? सगळ्यांना एकच दार.” मी त्यांना कितीदा सांगितलं, भाऊ, यादी हे वाईट काम नाही, माझा सगळा संसार याद्यांवर चाललाय. ते म्हणत, “संसार चालवा. सर्व्हर नाय.”

आता त्या शुक्रवारचं सांगते.

दुपारी जेवून मी अडकलेल्या मेलची यादी काढत होते. एका रंगाच्या कारखान्याच्या नावावर एकाच पाठवणाऱ्याचे दोन मेल होते. पाठवणाऱ्याचा पत्ता फुकटच्या मेलचा, विषय सगळा इंग्रजी मोठ्या अक्षरांत, पुढे उद्गारचिन्हांची रांग. तातडीचं, ड्रम उघडू नका. सोबत एक बांधलेली, म्हणजे झिप केलेली, फाइल. फिल्टरनं भरघोस गुण दिले होते आणि मीही दिले असते. असले मेल उघडायला लावण्यासाठीच ‘उघडू नका’ लिहितात.

“चिकट दिसतोय,” मी भाऊंना म्हटलं. “उद्या वाचून दाखवा त्यांना.”

भाऊ मान हलवून आपल्या कामाला लागले. थोड्या वेळानं त्याच पत्त्यावरून तिसरा मेल आला. या वेळी मोठी अक्षरं नव्हती, उद्गारचिन्हं नव्हती. विषयात एवढंच होतं, कृपया कोणीतरी वाचा.

भाऊ उठून माझ्या खुर्चीमागे आले आणि बराच वेळ ती ओळ बघत उभे राहिले.

“ताई, हे कोणाला लिहिलंय?”

“कंपनीलाच. पत्ता कंपनीचा आहे.”

“पत्ता कंपनीचा हाय. पण लिहिलंय कोणीतरीला.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “कोणीतरी म्हणजे कोण?”

“कोणीही.”

“मग मीपण त्यात आलो.”

आणि भाऊंनी तो मेल उघडला. इतक्या वर्षांत आमच्यापैकी कोणी केलं नव्हतं ते त्यांनी उभ्या उभ्या, माझ्या खांद्यावरून हात घालून केलं.

गुजरातेतल्या एका पुरवठादाराच्या गोदामातल्या माणसानं तो लिहिला होता. गुरुवारी त्या कारखान्यात उतरलेल्या मालात काही ड्रममध्ये चुकून दुसरंच रसायन भरलं गेलं होतं. वर लेबल नेहमीचंच. नेहमीच्या टाकीत ते ओतलं तर विषारी वायू सुटेल, शनिवारी सकाळची शिफ्ट सुरू व्हायच्या आत ड्रम बाजूला काढा. ऑफिसचा मेल पोचत नाही म्हणून तो स्वतःच्या पत्त्यावरून पाठवत होता. कारखान्याचा फोन कोणी उचलत नाही, मोबाइल नंबर कोणाचा नाही, असं खाली लिहिलं होतं. लॉट नंबर होते. ड्रमचे फोटो त्या बांधलेल्या फाइलमध्ये होते.

मी लगेच कागद ओढला आणि फोन कोणाकोणाला करायचे ते लिहिलं. कारखान्यात कॉम्प्युटर बघणारा मुलगा सुट्टीला सासुरवाडीला गेला होता, जव्हारच्या पुढे, तिथे रेंज नाही. मालक मुंबईला. त्यांचा नंबर आमच्याकडे होता, पण ते अनोळखी फोन घेत नसत. भाऊंनी एकदा केला. नियमाप्रमाणे थोडा वेळ थांबले आणि परत केला. मग न थांबताच करत राहिले.

“दुसऱ्यांदापण उचलत नाय,” भाऊ म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच गोंधळ पाहिला. तोवर गोंधळायचं काम माझ्याकडे होतं.

“मालकांना मेसेज टाकला. त्या माणसालाही उत्तर टाकते, की वाचलं म्हणून. अग्निशमनवाल्यांना सांगायचं का?”

“काय सांगू? कुठं आग नाय लागलेली. चला, गेटवर जाऊ.”

माझ्या स्कूटरवर मागे भाऊ, डोक्यावर माझ्या मुलीचं गुलाबी हेल्मेट. सुट्टीच्या दिवशी वसाहतीतले रस्ते रिकामे असतात, नुसता वास तेवढा असतो. कारखान्याच्या गेटवर वॉचमन खुर्ची टाकून बसला होता.

“भैया, अंदर ड्रम हैं,” भाऊंनी सुरुवात केली.

“हाँ, बहुत हैं.”

“वो कल खोलने का नहीं.”

“आपका ड्रम है?”

“नहीं, तुम्हारा.”

“बेचने का है?”

“अरे नहीं. नहीं खोलने का है.”

“तो मत खोलो साहब. हम तो खोलते ही नहीं.”

मी पुढे होऊन सांगायचा प्रयत्न केला, गॅस, खतरा, कंपनी का मेल. वॉचमननं माझ्याकडे आणि गुलाबी हेल्मेटकडे बघितलं आणि म्हणाला, “मैडम, आज छुट्टी है. कल आना.” मी भाऊंना म्हटलं, मेलची प्रिंट काढून आणू, फोटो दाखवू. तर भाऊ म्हणाले, “नाय. तो त्याच्या नावाचा नाय.” ‘कोणीतरी’मध्ये हे स्वतः बसत होते आणि वॉचमन बसत नव्हता. विचारायची ती वेळ नव्हती, म्हणून विचारलं नाही. आजही विचारलं तर उत्तर मिळेल असं वाटत नाही.

आम्ही ऑफिसला परत आलो, परत फोन केले. सूर्य कलायला लागला तसं भाऊ म्हणाले, “परत जाऊ. आता तो ऐकेल.”

“कशावरून?”

“दुसऱ्यांदा जातोय ना.”

वॉचमन आम्हाला बघून उठून उभा राहिला आणि त्यानं गेटची छोटी खिडकीही लावून घेतली. “आप फिर आ गए?”

भाऊ खिडकीच्या फटीतून म्हणाले, “भैया, सच्चा आदमी वापस आता है.”

आतून आवाज आला, “चोर भी वापस आता है, साहब.”

येताना स्कूटरवर मागे इतके गप्प होते की बसलेत ना, हे मी दोनदा मान वळवून बघितलं. ऑफिसच्या जिन्याशी उतरल्यावर त्यांनी हेल्मेट माझ्या हातात दिलं. “ताई, त्याचं चुकलं नाय. त्याला काय दिसलं? गुलाबी टोपी घातलेला म्हातारा दोनदा येऊन ड्रम ड्रम करतोय.” थोडं थांबून म्हणाले, “मी असतो तर मीपण नसतं उघडलं.”

शनिवारी उजाडताच मी उमरोळीहून सरळ गेटवर गेले. भाऊ आधीच आलेले होते. नव्या पाळीच्या वॉचमननं त्यांना रस्त्याच्या पलीकडे उभं राहायला सांगितलं होतं आणि ते खरंच पलीकडे उभे होते. सायकलवरून, रिक्षातून, चालत कामगार येत होते. भाऊ प्रत्येकाला रस्ता ओलांडून सांगायला जात, “भाई, ड्रम...” आणि लोक त्यांना वळसा घालून आत जात. कोणाला उशीर होत होता, कोणाला वाटत होतं वर्गणी मागतायत. मी त्या एकेका पाठीकडे बघत होते. ही माणसं आता कपडे बदलणार, चहा पिणार आणि कोणीतरी पहिला ड्रम टाकीपाशी ढकलत नेणार.

तेवढ्यात मागून हाक आली. “वहिनी? तुमी इथं कशाला?”

आमच्या उमरोळीचा, आमच्याच आळीतला माणूस. तो या कारखान्यात सुपरवायझर झालाय हे मला माहीतच नव्हतं. मी त्याला तीन वाक्यांत सांगितलं. कोणाचा माल, कुठले लॉट नंबर, कशात ओतायचं नाही. नंबर मी लिहूनच नेले होते. त्यानं कागद बघितला. मला खरं-खोटं काही विचारलं नाही, मोटारसायकल तिथंच आडवी टाकून तो आत पळाला. आतून भोंगा वाजला, माणसं परत बाहेर यायला लागली. बऱ्याच वेळानं तो गेटवर आला, घामाघूम, आणि म्हणाला, “थांबवलं वहिनी. एक टाकीजवळ नेलेलाच होता. झाकण नाय काढलं अजून.”

मी रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसले. भाऊ पलीकडून आले.

“हा तुमाला ओळखतो?”

“आमच्या आळीतला आहे.”

“म्हणजे ओळखीनं झालं,” भाऊ म्हणाले. त्यांना आनंद झाला होता हे दिसत होतं, डोळे भरून आले होते. आणि त्याच वेळी परीक्षेत नापास झाल्यासारखा त्यांचा चेहरा उतरला होता. दोन्ही एकाच चेहऱ्यावर कसं मावत होतं, माहीत नाही.

ते ड्रम पुढच्या आठवड्यात पुरवठादाराचा ट्रक येऊन घेऊन गेला. आळीतल्या त्या भावोजींनी नंतर कधीतरी सांगितलं, की मालानं घात केला असता, हे साहेबांनी आपसांत मान्य केलं, कागदावर नाही. आमच्याकडे मात्र कारखान्याचं पत्र आलं. मेल सांभाळणाऱ्यानं आमचा मेल उघडून वाचला, हा विश्वासभंग आहे, सबब आपली सेवा बंद करण्यात येत आहे. आभाराचा एक शब्द नव्हता.

मी संतापले. म्हटलं, मी उत्तर लिहिते, मुद्देसूद लिहिते.

“नको,” भाऊ म्हणाले. “त्यांचं बरोबर हाय. वाचायला नको होतं.”

“मग वाचलंत कशाला?”

“वाचायला लागलं.”

“म्हणजे तुमचं बरोबर.”

“माझंपण बरोबर हाय.”

“दोघांचं बरोबर कसं असेल, भाऊ?”

“ते मलापण नाय कळत,” भाऊ म्हणाले, आणि त्यांनी स्वतःच्या हातानं त्या कारखान्याचं नाव आमच्या सर्व्हरवरून काढलं. काढण्याआधी अडकलेले सगळे मेल त्यांच्याकडे पोचल्याची खात्री केली. लॉटऱ्यांसकट.

भाऊ मेल वाचतात, असं वसाहतीत पसरलं. आणखी काही ग्राहक गेले. राहिलेल्यांना तसंही मोठ्या कंपन्यांकडे जायचंच होतं. ऑफिस बंद झालं तेव्हा वाटाघाटी, भांडण काही नाही. पाणी शुद्ध करायचं एक यंत्र मी घरी आणलं, ते अजून चालू आहे. भाऊ गावी गेले. मी आता एका कारखान्याच्या ऑफिसात आहे. तिथे मेल परस्पर गाळले जातात, कोण गाळतं कोणाला ठाऊक नाही आणि शनिवारी कोणाचा फोन येत नाही. अडकलेल्या मेलचं खोकं मी रोज स्वतः उघडून बघते. ते माझं काम नाही. पण माझ्या यादीत आहे.

यंदा मुलीचं लग्न ठरलं. पत्रिका वाटायच्या यादीत समुद्राकडची चार घरं एका दिवशी घेतली, त्यात भाऊंचं. दुपारी त्यांच्या दाराशी गेले, कडी वाजवली. आत खोकल्याचा आवाज आला. दार उघडलं नाही. मला हसू आलं. मला नियम तोंडपाठ होता. मी स्कूटर काढली, बाकीची तीन घरं उरकली, किनाऱ्यावर बायका बोंबील उलटत होत्या त्यांच्याशी थोडं बोलले आणि परत आले.

दार सताड उघडं होतं. भाऊ उंबऱ्यात खुर्ची टाकून बसले होते, काठी मांडीवर.

“कुठं गेलात?” त्यांनी रागानं विचारलं.

“तुमचा नियम, भाऊ. जरा वेळानं आले.”

“अहो, मी उठत होतो. हे गुडघे. दारापर्यंत येईपर्यंत तुमची स्कूटर गेलीपण.” त्यांनी काठी भिंतीला टेकवली. “त्या गेटनंतर मी पहिल्या हाकेला उठतो. कोणीपण असो. पण हल्ली लोकच थांबत नायत.”

मी पायरीवर बसले. वहिनींनी आतून पाणी आणलं.

“पहिल्या दिवशी हेल्मेट घ्यायला आला होतात,” भाऊ म्हणाले. “आज कशाला?”

“तुम्हाला माहीत होतं?”

“काचेतून दिसत होतं ना. दाराशी हेल्मेट, खाली स्कूटर.”

“मग मला घेतलंत कसं? मी परत आलेच नव्हते तुमच्याकडे.”

भाऊंनी यावर विचार केला. पूर्वीसारखाच, डोळे बारीक करून, बराच वेळ. मग मान हलवली आणि हात पुढे केला. मी पाकीट दिलं. त्यांनी आधी माझं नाव वाचलं, मग स्वतःचं, मग दोन्ही परत एकदा.

“उघडू?”

“उघडा की. तुमच्याच नावाचं आहे.”

“कुठलं? नाव घेऊन सांगा.”

मी पदरानं डोळे पुसले आणि सांगितलं, “भाऊ, माझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका. उघडा.”

मग त्यांनी उघडली.